नागरकोइलची लेस आणि शिकवण्याचे दान

निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडप उभारण्याचे वर्णन आले की आपण बहुतेक जण पाने भराभर उलटतो. पडदा किती हात, कड्या किती, खुंट्या किती. पण पस्तिसाव्या अध्यायात दोन गोष्टी आहेत, तिथे थोडे थांबायला हवे. पहिली म्हणजे ज्या स्त्रियांच्या हाती कसब होते त्यांनी निळे, जांभळे, किरमिजी सूत कातून आणले, आणि काहींनी बकऱ्यांचे केससुद्धा कातले. दुसरी गोष्ट बसालेल आणि अहलियाब या दोन कारागिरांची. देवाने त्यांना कारागिरी दिली असे सांगून शास्त्र थांबत नाही. दुसऱ्याला शिकवण्याची बुद्धीही देवाने त्यांच्या अंतःकरणात घातली, असे ते पुढे सांगते. म्हणजे हातात कला असणे हे एक दान आणि ती दुसऱ्याच्या हातात देता येणे हे वेगळे दान. आपल्या ओळखीत उत्तम विणणाऱ्या कितीतरी बाया असतात. पण शेजारणीला जवळ बसवून, तिचे चुकलेले चार वेळा उसवून, पाचव्यांदा हसत दाखवणाऱ्या थोड्याच.

या दुसऱ्या दानाचा एक इतिहास आज सांगायचा आहे. तो आपल्या भागातला नाही. हिंदुस्थानच्या अगदी दक्षिण टोकाचा, नागरकोइलचा आहे. आज ते गाव तामिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे, तेव्हा त्रावणकोर संस्थानात होते. शेवटी मात्र ही गोष्ट आपल्या हैदराबादकडच्या वाचकांच्या बरीच जवळ येते.

लंडन मिशनरी सोसायटीचे काम त्या भागात रिंगेलटाउबे या मिशनऱ्याने १८०६ साली मायिलाडी गावी सुरू केले. १८१९ च्या अखेरीस चार्ल्स मॉल्ट आणि त्यांची पत्नी मार्था हे इंग्लिश दांपत्य नागरकोइलला आले आणि पस्तीसेक वर्षे तिथेच राहिले. मार्थाबाईंनी मुलींची निवासी शाळा चालवली. काळ लक्षात घ्या. मुंबईत अमेरिकन मिशनची मुलींची शाळा १८२४ ची, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंची १८४८ ची. मुलीने अक्षर शिकणे हेच जिथे अघटित होते, तिथे शाळेत मुली येणार कोणाच्या? ज्यांच्यापाशी गमावण्यासारखे काही नव्हते त्यांच्या. ताडावर चढून रस काढणाऱ्या आणि त्याचा गूळ करणाऱ्या नाडार समाजातल्या (तेव्हाच्या कागदपत्रांत त्यांना शाणार म्हटले आहे), आणि त्यांच्याही खाली दाबल्या गेलेल्या पुलयर, परैयर जातींतल्या. या शेवटच्या जातींतली माणसे त्रावणकोरात अक्षरशः गुलाम होती. ती विकली जात, गहाण पडत, जमिनीबरोबर भाड्याने दिली जात.

१८२१ च्या सुमारास मार्थाबाईंनी या मुलींना लेस करायला शिकवले. इथे लेस म्हणजे आपल्या आजीच्या क्रोशाची नव्हे. हे काम सुईने होत नाही. गवत ठासून भरलेली एक घट्ट उशी मांडीसमोर घ्यायची. तिच्यावर नमुन्याचा जाड कागद लावायचा. नमुना म्हणजे नुसती भोके असतात. त्या भोकांत टाचण्या खोचत जायचे आणि टाचण्यांभोवती दोरे फिरवायचे. प्रत्येक दोरा एका लाकडी बॉबिनवर गुंडाळलेला असतो. शिलाई मशीनमधली बुटकी बॉबिन डोळ्यांसमोर आणू नका. ही पेन्सिलीसारखी लांबट काडी असते. अशा काड्या जोडीजोडीने उशीवर लोंबत असतात, साध्या पट्टीला वीसबावीस, रुंद नक्षीला शंभरावर. आणि इतक्या सगळ्या काड्यांना मिळून हालचाली फक्त दोन. एक दोरा दुसऱ्यावरून ओलांडून नेणे आणि दोन दोऱ्यांना पीळ देणे. ओलांडा आणि पीळ, पीळ आणि ओलांडा. वेणी घालता येणाऱ्या कुठल्याही मुलीला यातले मूळ तत्त्व पहिल्याच दिवशी कळते. पुढे लागतो तो सराव, आणि कोणता दोरा आता कुठे चालला आहे याचे भान.

योगायोग असा की त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये हाताने लेस करणाऱ्या स्त्रियांच्या पोटावर पाय येत होता. जॉन हीथकोट याने १८०८-०९ च्या सुमारास जाळी विणण्याचे यंत्र काढले. चिडलेल्या कामगारांनी १८१६ साली त्याचा लफबरोचा कारखाना फोडला, तेव्हा तो आपला पसारा डेव्हनमधल्या टिव्हर्टनला घेऊन गेला. डेव्हन म्हणजे तर हातलेसचे माहेरघर. मायदेशी यंत्राने जिची किंमत पाडली ती कला एक बाई जहाजातून घेऊन आली आणि ताडाच्या बनात राहणाऱ्या मुलींना शिकवू लागली. त्यांच्या हातात तिला पुन्हा किंमत आली, कारण हिंदुस्थानातल्या इंग्रज मडमांना चांगली लेस हवी होती आणि विलायतेहून मागवणे महाग पडे.

मजुरी मुलींना मिळे, आणि विक्रीतून वर उरे त्यावर शाळा चालायला मदत होई. मिशनच्या नोंदींत एक गोष्ट आहे, तिच्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला. गुलाम घरांतल्या काही मुलींनी लेसच्या कमाईतून आपले मोल भरले आणि त्या स्वतंत्र झाल्या. मोल म्हणजे धन्याने त्यांच्यावर लावलेली किंमत. आपण ‘खंडणी’ आणि ‘मुक्ती’ हे शब्द उपासनेत सहज म्हणून जातो. प्रभूने मोल देऊन आपल्याला विकत घेतले असे पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा त्याच्या श्रोत्यांत गुलाम होते, आणि मोल देणे म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. नागरकोइलच्या त्या मुलींनाही लागले नसणार. त्रावणकोरात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८५५ साली. त्याआधी तीस-चाळीस वर्षे काही मुली ओलांडा आणि पीळ यांच्या बळावर आपापल्या पुरती ती संपवत होत्या.

याच मुलींच्या बाबतीतली दुसरी गोष्ट वाचताना मात्र लाज वाटते. ज्यांच्या हातांनी मडमांच्या गळ्याभोवतीची लेस तयार होत होती, त्यांना स्वतःचे ऊर झाकण्याचा हक्क नव्हता. त्रावणकोरात खालच्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांनी कमरेच्या वर वस्त्र घेणे हा वरच्यांचा अपमान समजला जाई. १८१० च्या दशकात रेसिडेंट कर्नल मन्रो यांच्या काळात ख्रिस्ती झालेल्या स्त्रियांना सिरियन ख्रिस्ती आणि मापिळा स्त्रियांसारखे सैल बाह्यांचे ‘कुप्पायम’ घालण्याची मुभा मिळाली. नाडार स्त्रियांना त्याने समाधान झाले नाही. इतर मानाच्या घरांतल्या बायका छातीवरून खांद्यावर टाकतात तसे वस्त्र त्यांना हवे होते. त्यावरून १८२२ पासून बाजारात बायकांना अडवणे, कपडे फाडणे, मारहाण सुरू झाली. पुढच्या दंग्यांत शाळा आणि प्रार्थनामंदिरे जाळली गेली. १८२९ साली संस्थानाने जाहीरनामा काढून त्या वरच्या वस्त्राला बंदी घातली. तंटा धुमसतच राहिला, १८५८-५९ मध्ये पुन्हा भडकला, आणि २६ जुलै १८५९ रोजी महाराजांनी नाडार स्त्रियांना अंग झाकण्याची परवानगी देणारा जाहीरनामा काढला. त्यातही मेख होतीच. झाका, पण उच्च जातीच्या बायकांसारखे नको.

म्हणजे लेस सुरू झाल्यापासून जवळजवळ चाळीस वर्षे हे चालले. एका मुलीच्या शाळेत येण्यापासून तिला नातवंडे होईपर्यंतचा तो काळ. या लढ्याचे श्रेय मिशनऱ्यांना देऊन टाकण्याची आपल्या मंडळ्यांत सवय आहे, ती मला पटत नाही. मिशनऱ्यांनी अर्ज केले, वकिली केली, शाळांतून शिवण शिकवले, हे खरेच. पण भर बाजारात ते वस्त्र अंगावर घेऊन निघाल्या त्या बायका स्थानिक होत्या, आणि मार त्यांनी खाल्ला. हातात स्वतःच्या कमाईचे चार पैसे असणे आणि आपल्या अंगावर काय घालायचे ते आपण ठरवणे, या दोन गोष्टी एकमेकींपासून फार लांब नसतात.

आता पुन्हा शिकवण्याकडे येऊ. शाळेतल्या मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन आपापल्या गावी गेल्या, आणि उशी बरोबर गेली. घरी बसून काम करायचे आणि ते मिशनकडे आणून द्यायचे, अशी रीत पडली. आईने लेकीला, सासूने सुनेला शिकवले. जवळच्या नेय्यूर ठाण्यावर भरतकामाचा जम बसला. स्वतः मॉल्टबाईंची मुलगी एलायझा १८२२ मध्ये नागरकोइललाच जन्मली. तमिळ तिच्या तोंडी जन्मापासून होते. १८४४ साली तिने रॉबर्ट कॉल्डवेल यांच्याशी लग्न केले. द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण लिहिणारे आणि पुढे बिशप झालेले ते हेच. तिरुनेलवेलीकडच्या इडैयनगुडी या त्यांच्या गावी एलायझाबाईंनी मुलींची शाळा काढली आणि आईकडून आलेली लेस तिथल्या मुलींना शिकवली. जगात नाव झाले ते नवऱ्याच्या व्याकरणाचे. मला वाटते इडैयनगुडीच्या घराघरांत पोचली ती बायकोची उशी.

या सगळ्याकडे नुसत्या भक्तिभावाने पाहू नये, असे सांगणारे अभ्यासकही आहेत. एलायझा केंट (नावाचा निव्वळ योगायोग) या अमेरिकन विदुषींनी ‘कन्व्हर्टिंग विमेन’ या २००४ च्या ग्रंथात दक्षिणेतल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या घडणीचा अभ्यास केला आहे. लेस हे मिशनऱ्यांच्या दृष्टीने नुसते पोटापाण्याचे साधन नव्हते. मुलीने घरात बसावे, नीटनेटके, शांत, चिकाटीने काम करावे, अशी ‘सभ्य स्त्री’ तिच्यातून घडवायची होती. शेतात राबणारी, बाजारात ओरडून गूळ विकणारी बाई त्यांना सभ्य वाटत नव्हती. हा आरोप खोटा म्हणता येणार नाही. पण ज्या मुलीने स्वतःचे मोल भरले तिला विचारले असते, तर ती काय म्हणाली असती? शिकवणाऱ्याच्या मनात काय होते आणि शिकणारीने त्याचे काय केले, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

याच्या उलट काय होते हे पाहायचे तर गोदावरीकाठी यावे लागेल. भद्राचलमजवळच्या दुम्मुगुडेम इथे, जे आज तेलंगणात आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिशनरी कुटुंबांनी गरीब ख्रिस्ती बायकांना लेसकाम शिकवले. तिथून ही कला नदीच्या मुखाकडे आंध्रातल्या नरसापूर भागात पसरली. तिथे रुजला तो क्रोशा, म्हणजे आपल्या ओळखीची आकड्याची सुई, साखळी आणि खांब. सुरुवातीला दलित ख्रिस्ती बायकांच्या हाती असलेले काम पुढे कापू या शेतकरी समाजातल्या बायकाही घरात बसून करू लागल्या. धंदा वाढला तसे पुरुष व्यापारी झाले, आणि १९७० च्या दशकात परदेशची मागणी आली तेव्हा निर्यातदार झाले.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्याच दशकाच्या अखेरीस तिथे राहून अभ्यास केला. त्यांचे ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे पुस्तक १९८२ मध्ये आले. त्यात वर्णन आहे ते असे. दलाल घरी येऊन दोरा देऊन जातो आणि झालेले काम घेऊन जातो. बाई स्वयंपाकपाणी, मुले, गुरे सांभाळून दिवसाचे सहाआठ तास विणते. मजुरी इतकी कमी की तिला मजुरी म्हणायचीही लाज वाटावी. आणि सगळ्यांचे म्हणणे एकच: ती काही काम करत नाही, घरी बसून फावल्या वेळात विणते. बायकांचे स्वतःचे म्हणणेसुद्धा तेच!

मला त्या पुस्तकातले सगळ्यात खोल गेलेले निरीक्षण मजुरीचे नाही. काम कसे तोडले होते, त्याचे आहे. फुले, चकत्या विणणाऱ्या वेगळ्या, आणि ते तुकडे जोडून टेबलक्लॉथ करणाऱ्या वेगळ्या. जोडकामाला तेलुगूत ‘अतुकुपनी’ म्हणतात. वर्षानुवर्षे एकच फूल विणणाऱ्या बाईला ते फूल झोपेतही विणता येईल, पण अख्खी वस्तू तिच्या हातून उतरत नाही. मग ती बाजारात नेऊन विकणार काय? एक फूल कोण घेणार? दोरा दुसऱ्याचा, नमुना दुसऱ्याचा, जोड दुसऱ्याचा, गिऱ्हाईक कोण हे माहीतही नाही. नागरकोइलच्या उशीवर निदान पट्टी सुरू करणारी आणि संपवणारी एकच असे.

म्हणजे दोन्हीकडे पांढरा दोरा, दोन्हीकडे मिशनरी बायांचे हात, दोन्हीकडे घरात बसून काम करणाऱ्या गरीब बायका. एकीकडे काही जणी त्यातून आपले मोल भरून सुटल्या, दुसरीकडे त्यांच्या पुढच्या कितीतरी जणी त्यात अडकून राहिल्या. कला कोणी आणली यावर ते ठरले नाही. शिकवताना पूर्ण शिकवले की तुकडा शिकवला, आणि केलेल्या वस्तूचे दाम कोणाच्या हाती पडले, यावर ठरले.

आपल्या मराठी मंडळ्यांना हे अनोळखी नसावे. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना आणि बायकांना विणकाम, शिवण, छपाई असे उद्योग शिकवले. त्या छापखान्यात तर खिळे जुळवण्यापासून पाने बांधण्यापर्यंतचे काम बायका करत. रमाबाईंनी केलेल्या बायबलाच्या मराठी भाषांतराची छपाईही याच हातांनी झाली. एकेकीला एकेकच कप्पा देऊन ठेवले असते तर भागले असते. पण रमाबाईंना मजूर नको होते, आपापल्या पायांवर उभ्या राहणाऱ्या बाया हव्या होत्या.

यापोच्या टबीथेची, म्हणजे दुर्कसेची गोष्ट आपल्या महिला मंडळांत दरवर्षी एकदा तरी होते. ती मरण पावल्यावर विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. आपण नेहमी तिच्या दानधर्मावर बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण इतक्या विधवा एका घराच्या माडीवर जमतात, एकेक कपडा हातात धरून दाखवतात, याचा अर्थ त्या घरात त्यांचे नेहमीचे येणेजाणे होते. तिथे बसून त्यांच्यातल्या काहीजणी टाका घालायला शिकल्याच नसतील, असे मला वाटत नाही. शास्त्रात तसे लिहिलेले नाही. पण शिवणाऱ्या बाईच्या घरात चार बाया रोज येऊन नुसत्या बसल्या आहेत, असे कोणी कधी पाहिले आहे का?

नाताळच्या विक्रीसाठी आपल्याकडे ऑक्टोबरपासून क्रोशाचे काम सुरू होते. बहुतेक ठिकाणी पद्धत अशी की नव्या मुलींना चौकोन विणायला द्यायचे, आणि वेदीच्या कापडाची किनार, कोपऱ्याचे वळण, शेवटची जुळणी दोघीतिघी जाणत्या बाया घरी नेऊन पुरी करतात. काम लवकर उरकते म्हणून. यंदा ती जुळणी सर्वांसमोर बसून करावी, आणि प्रत्येक नव्या मुलीने एक तरी रुमाल पहिल्या साखळीपासून शेवटच्या गाठीपर्यंत एकटीने पुरा करावा, असे मी आमच्या मंडळात सुचवले आहे. त्याला आठवडे जास्त लागतील. दोन मावश्यांनी आपापल्या कोपऱ्यांचा नमुना कागदावर उतरवून द्यायचे कबूल केले आहे; त्यातल्या एकीने तो आजवर लेकीलाही दाखवला नव्हता.